उष्टा चेहरा

“ती डबी खाली ठेव शेफे. न्हाईतर म्या उचलून गोठ्यात भिरकावीन, मग बस शेणात शोधत!”

“हात लावून तर बघ. मोडून गळ्यात घालीन.”

“आधी सांग, काय हाय त्यात? लेबल कुठाय? कंपनी कोण? खताच्या गोणीवर सुदीक ह्याच्यापेक्षा जास्त लिवलेलं असतंय.”

“तू वाचणार व्हय लेबल? धाव्वीत मास्तरच्या अंगावर वही फेकून घरी आलेला माणूस तू!”

शाळेचं नाव निघालं की प्रशिकच्या कानशिलातली शीर टणटण उडायची. आत्ताबी उडाली. पण त्यानं पाय आपटला न्हाई की तांब्या फेकला न्हाई. त्याची नजर बहिणीच्या हनुवटीवर जाऊन अडकली व्हती. शेफाली भाकरी थापायला शिकली तवा तापल्या तव्याचा काठ लागून तिच्या हनुवटीवर बोटाच्या पेरायवढा डाग पडला व्हता. आंघोळ करून आली की तो डाग लाल दिसायचा, थंडीत काळा पडायचा.

तो डाग न्हवता. फिका पडला न्हवता, पुसट झाला न्हवता. न्हवताच. हनुवटी चुना मारलेल्या भिंतीसारखी सपाट.

“शेफे, तुझा तव्याचा डाग कुठं गेला?”

“गेला. क्रीमनं गेला. त्याच्यासाठीच लावत्यात ना?”

“भाजल्याला डाग पंधरवड्यात जातो व्हय?”

शेफाली काय बोलणार, तेवढ्यात शेजारची वनिता वैनी दारात आली. “काय गं, भांडण रस्त्यापातूर ऐकू येतंय,” म्हणत ती सरळ आत शिरली आणि खाटंवर बसली. शेफालीचा मोबाईल खाटंवरच पडला व्हता. वैनीनं तो सहज उचलून तोंडासमोर धरला, आणि मोबाईल उघडला.

शेफालीच्या मोबाईलला तिच्याच चेहऱ्याचं कुलूप व्हतं. प्रशिकनं स्वतः लावून दिलेलं. गेल्या महिन्यात त्यानं गपचूप उघडायला बघितला तर उघडला न्हवता, आणि त्यापायी शिव्या खाल्ल्या त्या येगळ्याच.

“हिच्या तोंडानं कसा उघडला?” त्यानं विचारलं.

“मोबाईल बिघडला असंल,” शेफाली म्हणली. वैनी हसली. प्रशिकनं दोघींकडं बघितलं. एक खाटंवर, एक दारापाशी. एक ठेंगणी, एक उंच. आणि खांद्याच्या वर दोघींचं सारखंच कायतरी मांडून ठेवलेलं.

त्याच्या नजरंबद्दल सांगायला पायजे, न्हाईतर पुढचं उमगायचं न्हाई. मार्गासनीच्या पुढं रस्त्याला लागून जी वस्ती हाय तिथं हे घर. बाप दादू गवंडीकाम करणारा, आई अंजना दुसऱ्याच्या भातात रोजानं जाणारी. शाळा सुटल्यापासून प्रशिक शनवार-रईवार गुंजवण्यात राजगडाच्या पायथ्याला गाड्या लावायचं काम करायचा. पुण्याच्या शे-शे गाड्या यायच्या. बाकीची पोरं चिठ्ठ्या फाडायची, प्रशिक चिठ्ठी द्यायचा न्हाई. सकाळी कुठल्या तोंडानं कुठली गाडी आणली ते संध्याकाळी त्याच्या बरोबर ध्यानात असायचं. माणूस गड चढून, उन्हात करपून, टोपी घालून, दाढीला धूळ लावून आला तरी हा लांबूनच वराडायचा, “सर, तुमची पांढरी, त्या करंजाच्या झाडाखाली!” मास्तरनी ढ म्हणून बसवलेल्या पोराला एवढं एकच येत व्हतं, आणि ते कुणापेक्षाबी चांगलं येत व्हतं. माणसाचं तोंड त्याला चुकत न्हवतं.

शेफालीचं ह्या क्रीमचं खूळ मागच्या मे महिन्यात सुरू झालं. भोंगवलीची माणसं तिला बघायला आली तवा. मुलगा सम्राट, शिरवळला कंपनीत. त्यांना पोरगी पसंत पडली, पण उठताना त्याची आत्या म्हणली, “पोर गुणाची हाय. रंग तेवढा उन्हानं खाल्लाय.”

लग्न ठरलं. पण ते एक वाक्य शेफालीच्या डोक्यातनं निघंना. भातलावणीत वाकून वाकून तिच्या गालावर वांग आले व्हते, हनुवटीला मुरमं यायची. मग काय, मुरमांवर टूथपेस्ट, वांगांवर लिंबू, आंघोळीला कपड्याचा साबण आणि वर टाचा घासायची वजरी गालावर! तोंड सोलून निघालं. प्रशिकनं आधी पोट धरून हसून घेतलं, मग गाडीवर बसवून तिला भोरला मेडिकलात नेलं. तिथली बाई चष्मा लावून तिच्या गालाकडं बघत म्हणली, “हे सगळं बंद कर. दोन वेळा साध्या पाण्यानं तोंड धू, टॉवेलनं घासायचं नाही, टिपायचं. शेतात जायच्या आधी उन्हाचं मलम आणि डोक्यावर ओढणी. नवीन काहीही असलं तर आधी कोपराच्या आत लाव, दोन दिवस थांब. आणि ज्याच्यावर काय घातलंय आणि कधीपर्यंत चालतं ते लिहिलेलं नाही, ते तोंडाजवळ आणायचं नाही. तीन महिने दम धर.”

तीन महिने! शेफालीनं महिनाभर केलं. मुरमं बसत आली व्हती, पण वांग जायची चिन्हं न्हवती आणि लग्नाची तारीख जवळ यायला लागली. तवाच वनिता वैनी तिला मार्गासनीला, दूध डेअरीच्या वरच्या मजल्यावर नव्या पार्लरमधी घेऊन गेली. राजनंदिनी मॅडमकडं.

ही राजनंदिनी कुठून आली कुणाला ठाऊक न्हवतं. कुणी म्हणायचं पुण्याची, कुणी म्हणायचं सांगलीकडची. तोंड असं गोरं आणि गुळगुळीत, की वय सांगता येऊ नये. तिची क्रीम लावायची पद्धत येगळी व्हती. डबीत बोट बुडवून ती आधी स्वतःच्या गालाला लावायची, चोळायची, आणि मग तिच्या गालावर जे उरलं असंल ते बोटानं निपटून समोरच्या बाईच्या गालाला लावायची.

“नवरीला उष्टी हळद लावतात ना,” ती म्हणायची, “नवऱ्याच्या अंगाची उरलेली? तसंच. आधी माझ्या गालाला, मग तुमच्या.”

दुसऱ्या गावात कुणीबी नाक मुरडलं असतं. हितं बायांना ते लगीच पटलं. नवरदेवाच्या अंगाला लागून उरलेली हळद नवरीला लावायची ही रीत सगळ्यांच्या घरात, पिढ्यान्‌पिढ्या. उष्टं म्हंजी चांगलंच असणार. त्या घरी आल्या आणि त्यांनीबी तसंच सुरू केलं. वैनीच्या गालावरचं शेफालीला, शेफालीच्या गालावरचं पलीकडच्या काकूला. एक डबी, दहा गाल.

भांडणाच्या दुसऱ्या दिवशी प्रशिकनं नळावर एक बघितलं. वनिता वैनीचं बारकं पोर, स्वरूप, अजून नीट बोलायचंबी न्हाई. आजीच्या कडंवर बसलं व्हतं. वैनीनं हंडा खाली ठेवला आणि हात पसरले, “ये माझ्या राजा.” पोरानं तिच्याकडं बघितलं. मग आजीच्या मानंला अशी मिठी मारली की आजीची माळ तुटली. वैनी जवळ आली तसं पोर किंचाळायला लागलं. रडणं न्हवतं ते. अंधारात अंगाला कायतरी गार लागल्यावर माणूस किंचाळतं तसं.

“आरं आई हाय तुझी,” आजी म्हणली. “बघ, आवाज बघ, साडी बघ.”

पोर बघतच न्हवतं. वैनी हात पसरून तशीच उभी राहिली. तिच्या तोंडावर रडू आलं न्हाई. ते तोंड हलतच न्हवतं नीट. डोळ्यातनं तेवढं पाणी आलं आणि गालावरनं तेल लावलेल्या पत्र्यावरनं घरंगळावं तसं घरंगळून गेलं.

त्याच आठवड्यात ती माहेरी पानशेतकडं गेली. संध्याकाळच्या एस्टीनं परत आली. म्हणली, “आईनं दार उघडलं, आणि विचारलं, कोण पायजे?”

गावानं ह्याचं हसू केलं. म्हातारीची नजर गेली असंल म्हणले. प्रशिक हसला न्हाई.

त्याच्या स्वतःवर पाळी आली ती मार्गासनीच्या स्टॉपवर. गुंजवण्यावरनं गाडीवर येत व्हता. स्टॉपवर तिघी उभ्या. त्यातल्या एकीच्या अंगात निळा कुर्ता, बाहीवर पांढरी फुलं. तो कुर्ता त्यानंच पहिल्या कमाईतनं शेफालीला घेतला व्हता. त्यानं गाडी थांबवली. आणि त्याच्या मनात आलं, ह्या बाईनं माझ्या बहिणीचा कुर्ता का घातलाय?

“बघतोस काय येड्यासारखा? सरक मागं, बसू दे,” ती बाई म्हणली. आवाज शेफालीचा.

आवाज कळत व्हता. कुर्ता कळत व्हता. पायातली तुटक्या अंगठ्याची चप्पल कळत व्हती. पण सगळ्याची मोळी बांधून ‘ही माझी बहीण’ असं जे मनात आपोआप उठतं, ते उठंना. उंबऱ्यावर परकं माणूस उभं राहावं तसं वाटत राहिलं. ज्याला हजार परक्यांची तोंडं चुकली न्हाईत, त्याला घरचं एक तोंड सापडंना.

ती मागं बसली. खांद्यावर हात ठेवला. घर येईपातूर प्रशिकच्या पाठीवर काटा व्हता.

दुसऱ्या दिवशी तो डेअरीचा जिना चढला तो भांडायच्या तयारीनंच. दारावर पडदा, आत गुलाबपाण्याचा आणि ओल्या चुन्याचा वास. खुर्ची, बेसिन, कात्र्या, सगळं व्हतं. आरसा न्हवता. जिथं आरसा असायला पायजे तिथं भिंतीत नुसते चार खिळे.

“काय घालता त्या डबीत?” त्यानं बसायच्या आधीच विचारलं. “पारा का आणखी काय? पोलिसात देईन. मेडिकलवाल्या बाईला आणून दाखवीन.”

“दाखव ना,” राजनंदिनी शांतपणानं म्हणली. “साधी साय आहे त्यात. थोडं गुलाबपाणी. डबीत काही नाही रे बाळा.”

“मग माझ्या बहिणीचा डाग कुठं गेला?”

“डबीतलं नाही, गालावरचं लागतं.” तिनं स्वतःच्या गालाला बोट लावलं. बोट रुतल्यावर गाल खाली गेला आणि वर यायला जरा उशीर झाला. “तुला वाटतं हा माझा चेहरा आहे? मलाही कुणीतरी लावला होता. उष्टाच. तिलाही कुणीतरी. पहिली कोण होती, मला माहीत नाही. मी शेतातली काळी पोर होते. आता माझ्या गावात मी गेले तर मला पाहुणी म्हणून चहा देतात.”

तिनं हे असं सांगितलं, जसं कुणी बस चुकल्याचं सांगावं.

“मग लावता कशाला दुसऱ्यांना?”

“त्या मागतात. आणि...” ती खिडकीबाहेर बघायला लागली. “रस्त्यानं जाताना एखादी ओळखीची दिसली की बरं वाटतं.”

“जातं का हे?”

“थोडं लागलेलं असेल तर जातं. सोडून दिलं तर आपलं वर येतं हळूहळू. पण एकदा पूर्ण तोंडाला, भरपूर, एकाच वेळी लागलं, तर नाही. मला तसं लागलं होतं. माझ्या हळदीत.”

प्रशिक तीन-तीन पायऱ्या उतरत खाली आला.

त्या संध्याकाळी घरात जे झालं त्याला भांडण म्हणायचं तर वादळाला वारा म्हणायला लागंल. त्यानं डबी खरंच गोठ्यात फेकली. शेफालीनं खरंच त्याला लाटणं मारलं. पण वनिता वैनीच्या आईची गोष्ट तिच्या मनात रुतली व्हती, आणि मोबाईल आता तिच्या तोंडानं उघडायचा तसा वैनीच्याबी, काकूच्याबी तोंडानं उघडायचा. भांडून दमल्यावर ती चुलीजवळ बसली आणि हळूच म्हणली, “पशा, खरं सांग. तुला म्या शेफाली वाटती का?”

प्रशिकनं तिच्याकडं बघितलं. खोटं बोलावं असं लई वाटलं.

“न्हाई,” तो म्हणला.

तिनं क्रीम सोडली. परत साधं पाणी, टिपून घेणं, उन्हाचं मलम, ओढणी. पहिल्यांदा कायच झालं न्हाई. मग एका सकाळी चूळ भरताना ती वराडली, “पशा! मुरूम!” उजव्या गालावर एक लालबुंद, पिकत आलेला मुरूम. दोघं अंगणात नाचले. पुढं वांग आले, मग हनुवटीवर तव्याचा डाग उगवला, पावसाळ्यात भिंतीची ओल उगवती तसा. एका दुपारी मोबाईल वैनीच्या तोंडानं उघडंना, शेफालीच्याच तेवढा उघडला. प्रशिक बाहेरनं आला, ती भांडी घासत व्हती, आणि त्याच्या मनात काय न करता, काय न आठवता, उठलं, शेफी. एवढंच. त्याला दारातच खाली बसावं लागलं.

“काय रे, चक्कर आली?”

“न्हाई. तोंड लई घाण दिसतंय तुझं.”

“तुझ्या बापाचं,” ती म्हणली आणि खदाखदा हसली.

लग्न आलं. वस्तीतल्या विहारात, सकाळी, पांढऱ्या कपड्यात, वंदना म्हणून. त्यात कुणाला शंका न्हवती. पण आदल्या दिवशी दुपारी हळद ठरली, आणि प्रशिक ती बंद पाडायच्या मागं लागला. कारण सकाळी सम्राटच्या हळदीचा फोटो मोबाईलवर आला व्हता. भोंगवलीचा मांडव, पाटावर नवरदेव, आजूबाजूला आत्या, बहिणी, चुलत्या. सम्राटचा चेहरा गोरा, गुळगुळीत. ओठावर त्याची मिशी तेवढी, दुसऱ्याच्या भिंतीला चिकटवल्यासारखी. आणि आजूबाजूच्या सगळ्या बायांच्या खांद्यावर तेच एक तोंड. फोटोत नऊ माणसं व्हती आणि तोंड एकच व्हतं.

वैनीची मावशी भोंगवलीची. डबी तिथवर गेली व्हती.

तो आईकडं धावला. “आई, आपलं लग्न बौद्ध पद्धतीनं हाय ना? मग हळद कशाला? बंद कर. सांग त्यांना, पाठवू नका.”

अंजनाबाई पुरणाचं बघत व्हती. मानबी वर केली न्हाई. “एवढ्या वर्सात वंदनेला येऊन बसलास कधी? आज बरा बौद्ध आठवला. हौस असती पोरीची.”

“हौस न्हाई आई, त्यात कायतरी हाय.”

“तुझ्या डोक्यात कायतरी हाय. जा, खुर्च्या आण टेम्पोतनं.”

दादूला सांगितलं, दादूनं कान खाजवला आणि म्हणला, “बायांच्यातलं हाय ते. तुझ्या आईला विचार.” शेफालीला सांगितलं. ती घाबरली, पण नवरी झालेली पोर किती बोलणार? “म्या नको म्हणलं तर ते म्हणतील, आमच्या पोराचं उष्टं नको म्हणाली. लग्न मोडंल पशा. तूच कायतरी कर.”

दुपार कलली तशी भोंगवलीची गाडी आली. सम्राटची बहीण शुभांगी, करवली म्हणून, हातात झाकलेलं पितळी पातेलं. उतरली आणि हसली. प्रशिकनं तिचं तोंड आधी कधीच बघितलं न्हवतं, तरी ते त्याला पाठ व्हतं.

“नवरदेवाला लावून उरलेली,” शुभांगी म्हणली. “आमच्या घरातल्या सगळ्यांनी लावून घेतली. भरपूर आणलीय. तोंड भरून लावायचीय वहिनीला.”

झाकण उघडलं. हळद पिवळी न्हवती. सायीत कालवल्यासारखी, फिकट, जाड. गुलाबपाण्याचा आणि ओल्या चुन्याचा वास अंगणभर झाला. मांडवातलं कुत्रं उठून, शेपूट पायात घालून, रस्त्याच्या पलीकडं जाऊन बसलं.

शेफाली पाटावर बसली व्हती. पिवळी साडी, हनुवटीवर डाग, गालावर वांग, कपाळावर घामाचे थेंब. तिनं गर्दीतनं प्रशिकला शोधलं.

सांडून द्यावी? त्याच्या डोक्यात गरगर चाललेलं. सांडली तर बाया जमिनीवरनं बोटानं उचलून लावतील. पळवली तर भोंगवलीतनं आणखी येईल, घरी परातभर असंल. तेवढ्यात आई पोरांवर वराडली, “ए कार्ट्यांनो, लांब व्हा! नवऱ्याच्या अंगाची सरळ नवरीच्या अंगाला जायला पायजे. मधी तिसऱ्या कुणाच्या अंगाला लागली की मोडली हळद. मग ती चालत न्हाई, दुसरीबी आणत न्हाईत. घरची वाटायला लागती.”

त्यांच्या भावकीत तसं मानत्यात. प्रशिकनं ते लहानपणापासून ऐकलं व्हतं आणि आजपातूर त्याला त्याचं काय पडलं न्हवतं.

राग आला की त्याला विचार करायला वेळ लागायचा न्हाई. ह्याबी वेळी लागला न्हाई. त्यानं गर्दीत मुसंडी मारली, शुभांगीच्या हातातनं पातेलं हिसकलं आणि दोन्ही हात कोपरापातूर आत घातले. गार व्हती. भर उन्हात, माठातल्या पाण्यासारखी गार. त्यानं ती कपाळाला थापली, गालाला, नाकाला, डोळ्याला, मानंला. उरलेली डोक्यावरनं ओतली. पातेलं उपडं करून शुभांगीच्या पायाशी आपटलं.

“मोडली!” तो वराडला. “मोडली हळद! तिसऱ्याच्या अंगाला लागली!”

 मांडवात एकदम कल्ला उठला. आईनं खराटा उचलला. आत्यांनी शिव्या घातल्या. दादू मधी पडला, पोरगं दारू प्यालंय म्हणला, पावण्यांनी मनावर घेऊ नये म्हणला. शुभांगी तेवढी प्रशिककडं बघत राहिली, रस्त्यात कुणी वळखीचं भेटावं तशी.

तो घरामागं पाण्याच्या टाकीवर पळाला. बादलीवर बादली ओतली. हळद पाण्यासंगं गेली, पण अंगावरनं गेली का अंगात गेली ते कळंना. साबण लावला. घासायचं न्हाई, टिपायचं, असं कुणीतरी सांगितलेलं आठवलं आणि त्याला तशातबी हसू आलं. हसताना गाल हलले न्हाईत. हाताला त्याचं नाक लागलं, पण ते त्याच्या हाताच्या सवयीचं नाक न्हवतं. मिशीची कोवळी लव व्हती ती बोटाला सापडंना. टाकीच्या पाण्यात त्यानं वाकून बघितलं न्हाई.

पुढच्या दारी कल्ला निवला. पाट्यावर हळकुंड वाटल्याचा आवाज आला. आई घरची हळद वाटत व्हती. तो भिंतीच्या कडंनं गेला आणि खिडकीतनं आत बघितलं.

शेफाली पाटावर व्हती. पिवळीधम्मक, घरच्या हळदीनं. वांग पिवळे, मुरूम पिवळा, तव्याचा डाग पिवळ्यातनं काळा दिसणारा. तिची तीच. लांबनं, हजारात, अंधारात, कुठूनबी वळखू यावी अशी. प्रशिकला एवढं बरं वाटलं की त्यानं खिडकीचा गज धरून ठेवला.

मागचं दार उघडलं. आई हळदीचे हात धुवायला बाहेर आली व्हती. त्याला बघून थबकली. प्रशिकनं डोळे मिटले. आता खराट्याचा एक तरी फटका बसणार, आणि तो त्याला हवा व्हता.

फटका बसला न्हाई. आईनं पदर डोक्यावरनं घेतला. वस्तीत मोठं माणूस, परकं माणूस आलं की घेती तसा.

“कोण पायजे तुमाला?” ती म्हणली.

“आई...”

“लग्नाला आलाय व्हय? कुणाकडचं तुमी, भोंगवलीचं?” ती जवळ आली, डोळे बारीक करून. कायतरी हुडकत असल्यासारखी. बघता बघता तिची नजर खाली घसरली, ओल्या बाहीवर, तुटलेल्या बटणावर, आणि तिचा आवाज बदलला. “आणि हा आमच्या प्रशिकचा शर्ट तुमच्या अंगावर कसा काय?”

आतनं शेफालीनं हाक मारली, “आई, पशा कुठाय? त्याला बोलव की. त्याच्या हातनं लावायचीय मला.”

“येईल गं, रुसून बसला असंल कुठंतरी,” आई आत बघून म्हणली आणि परत त्याच्याकडं वळली, हात जोडून. “तुमी बसा की. च्या टाकते.”

“न्हाई,” प्रशिक म्हणला. “मला आता निघायला पायजे.”